समीक्षाची वर्णनात्मक नोंद

रेणापूर तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जाऊन विचारा, मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात तर आनंदराज सोनकांबळे गुरुजींनी. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहायच्या असतात: मूल कसं वागतं, कशात रमतं, कुठं अडतं. वरिष्ठांची अपेक्षा अशी, की गुरुजींनी मुलाकडे सहा महिने नीट बघावं आणि मग लिहावं. प्रत्यक्षात या नोंदींची तयार पुस्तिका दुकानात मिळते. तिच्यात भाषेसाठी साठ वाक्यं, गणितासाठी पन्नास आणि व्यक्तिमत्त्वासाठी चांगली नव्वद. बाकीचे शिक्षक पुस्तिका समोर ठेवून उतरवून काढतात. सोनकांबळे गुरुजींना ती तोंडपाठ होती. चौतीस मुलांच्या नोंदी ते एका बैठकीत संपवत, आणि एका बाकावरच्या दोन मुलांना एकच वाक्य येणार नाही एवढी काळजी घेत. याला ते सचोटी म्हणत.

अशा माणसावर स्वतःच्या मुलीबद्दल दहा ओळी लिहायची वेळ आली आणि त्यांची पार दैना उडाली, त्याची ही हकिगत.

मुलगी समीक्षा. एकुलती एक, दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के. लातुरात अठ्ठ्याऐंशी टक्के ही फार अवघड जागा आहे. सत्त्याण्णव पडले तर कुणी काही विचारत नाही, साठ पडले तरी विचारत नाही. अठ्ठ्याऐंशीवाल्याच्या बापाला मात्र गल्लीतला प्रत्येक जण गाडी थांबवून सल्ला देतो. गुरुजींनी आधी सरळ मुलीलाच विचारलं, "बेटा, तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते, पप्पा."

दुसऱ्या कुणी हे ऐकून पोरीचे गोडवे गायले असते. गुरुजी उलट घाबरले. आपण बोट दाखवू तिकडं ही निमूट चालू लागणार. आणि आपलं बोट चुकलं तर? अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरायला बारा दिवस उरले होते.

शेवटी त्यांनी ठरवलं, हे काम शास्त्रीय पद्धतीनं करायचं. औसा रोडला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर समुपदेशन केंद्र होतं. ज्योत्स्ना भालेराव नावाच्या मॅडम दर गुरुवारी नांदेडहून यायच्या आणि मुलांची अभियोग्यता चाचणी, व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायच्या. गुरुजींनी येत्या गुरुवारची वेळ घेतली. एवढ्यावर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण बातमी शेजारच्या व्यंकटराव बिराजदारांना लागली.

व्यंकटराव आडत बाजारातून निवृत्त झालेले. तीन मुलं लातूरच्या शिकवण्यांतून पार पडल्यामुळे परीक्षा या विषयावर त्यांचा शब्द गल्लीत अखेरचा मानत.

"गुरुजी, तयारी न करता पोरीला परीक्षेला बसवून राहिलात?"

"अहो व्यंकटराव, ही परीक्षा नाही. व्यक्तिमत्त्व चाचणी आहे. यात बरोबर-चूक असं काही नसतं."

व्यंकटरावांनी गुरुजींकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बरोबर-चूक न्हाई? मग लातुरात तिला बसतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन हजर. बिलोलीच्या भाच्यानं नोकरीसाठी अशीच चाचणी दिली होती. दीडशे वाक्यं, प्रत्येकापुढे 'सत्य' आणि 'असत्य', आणि भाच्यानं लाल पेनानं खुणा केलेली बरोबर उत्तरं. "पाठ करून घ्या. लई उपयोगाचं हाय," व्यंकटराव म्हणाले. भाच्याला ती नोकरी मिळाली का, हे विचारायचं गुरुजींच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्यातला शिक्षक म्हणत होता की हे बरोबर नाही. त्यांच्यातला लातूरकर म्हणत होता की नुसतं बघायला काय हरकत आहे. शिक्षक एकटा पडला.

मग गुरुवारपर्यंत रोज सराव. गुरुजी वाक्य वाचत, समीक्षा उत्तर देई.

"'मला कधीच राग येत नाही.'"

"सत्य."

"'मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेले नाही.'"

"सत्य," समीक्षा म्हणाली आणि हसली.

"हसू नकोस. हसण्यात वेळ जातो."

स्वयंपाकघरातून तारामतीबाई म्हणाल्या, "परवाच तर रागानं पातेलं आपटलं हिनं!" तारामतीबाई जिल्हा रुग्णालयात परिचारिका. दिवसभर लोकांचे ताप मोजत असल्यामुळे घरात त्या कुठलाही आकडा मनाला लावून घेत नसत. हे वाक्य त्यांना दोनदा म्हणावं लागलं. अलीकडे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, स्पष्ट उच्चारांची सवयच गेली, असं गुरुजींचं ठाम मत झालं होतं. केंद्रप्रमुख पुटपुटत, मुलं पुटपुटत, आणि आता बायकोही.

"पातेलं अभ्यासक्रमात नाही," गुरुजी म्हणाले.

सरावात त्यांना मुलीची एक खोड मात्र खटकली. ती एका जागी बसत नसे. गुरुजींनी खुर्ची एका बाजूला मांडली, की ही ती उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन बसायची. चाचणीला हे बरं दिसणार नाही, असं त्यांनी तिला दोनदा बजावलं.

गुरुवारी दोघं केंद्रात पोचली. "जय भीम, सर," मॅडमनी हसून म्हटलं आणि बसायला सांगितलं. समीक्षानं बसता बसता खुर्ची उचलून गुरुजींच्या डावीकडून उजवीकडे नेलीच. गुरुजींनी डोळे वटारले. मग तिला आतल्या खोलीत ठोकळे जुळवायला, आकृत्या ओळखायला आणि दीडशे वाक्यांवर खुणा करायला नेलं. जाता जाता मॅडमनी गुरुजींच्या हातात एक कागद दिला. 'पालकांसाठी: आपल्या पाल्याचं वर्णन दहा ओळींत करा.'

गुरुजींचा चेहरा खुलला. हे म्हणजे घरचंच काम. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सात मिनिटांत कागद भरून परत दिला. समीक्षा बाहेर आली तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, हे प्रश्न कोण तयार करतं?" गुरुजींना वाटलं, पोरगी पेपर काढणाऱ्याचं नाव विचारतेय. त्यांनी तिला गप्प केलं.

तासाभरानं मॅडमनी दोघांना आत बोलावलं. समीक्षाची प्रश्नावली त्यांनी पुढ्यात ओढली.

"सर, अहवाल देता येणार नाही. या प्रश्नावलीत पंधरा वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात. 'मी कधीच खोटं बोलले नाही', 'मला सगळी माणसं आवडतात', अशी. ती सगळी खरी ठरतील असा माणूस नसतो. मुलं चांगलं दिसायच्या नादात तीन-चार ठिकाणी अडकतात, तेवढं चालतं. समीक्षा पंधराही ठिकाणी अडकलीय."

"पंधरापैकी पंधरा?" गुरुजींच्या तोंडून अभिमानानं गेलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"आणि हा तुमचा कागद." मॅडमनी वाचायला सुरुवात केली. "'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करते. परिसर स्वच्छ ठेवते. शालेय उपक्रमांत उत्स्फूर्तपणे सहभागी होते. इतरांची मते जाणून घेते.' सर, मीही मुरुडला झेडपीच्या शाळेत शिकले. माझ्या प्रगतिपत्रकावर हेच होतं. हे माझंही वर्णन आहे, खाली जो मुलगा बसलाय त्याचंही आहे. तुमची मुलगी यात कुठं आहे?"

गुरुजींची सत्तावीस वर्षांची नोकरी. इतक्या वर्षांत शिक्षणाधिकाऱ्यांनी त्यांच्या नोंदींवर कधी शेरा मारला नव्हता. त्यांचे कान तापले. रागवावं म्हटलं तर बाईंचा स्वर इतका साधा होता, की रागालाही जागा सापडेना.

"पुढच्या गुरुवारी परत या," मॅडम म्हणाल्या. "समीक्षाला दुसरी प्रश्नावली देते. आणि सर, तुम्ही दहा नको, पाचच ओळी आणा. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या."

पुढचा गुरुवार म्हणजे पसंतीक्रमाच्या शेवटच्या तारखेच्या आदला दिवस.

गुरुजींनी घरी येऊन शंभर पानी वही काढली. वर लिहिलं, 'निरीक्षण तंत्र'. डीएडला हे त्यांना शिकवलं होतं: निरीक्षकानं शांत बसावं, ढवळाढवळ करू नये, दिसेल ते लिहावं. ते वही घेऊन सोफ्यावर बसले. समीक्षानं वही बघितली आणि ओढणी सावरून पुस्तक उघडलं. गुरुजींनी लिहिलं, 'वाचनाची आवड आहे.' जरा वेळानं पाहिलं तर पुस्तक मागच्या वर्षीचं इतिहासाचं होतं. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, तर तिनं धुतलेली भांडी परत धुतली. जेवताना वही मांडीवर घेतली, तेव्हा तारामतीबाईंनी सांगितलं की आता माझ्याबद्दल काही लिहिलंत तर उद्यापासून डबा मिळणार नाही. त्या जेवणाची नोंद एवढीच झाली: 'ताट घेऊन जागा बदलली. चंचल.'

असे चार दिवस गेले आणि वहीत एक ओळ खरी म्हणावी अशी नव्हती. रविवारी गुरुजी अंगणात एकटेच बसले होते. ही मुलगी सोळा वर्षं याच घरात वावरतेय, आणि तिला भाजीत काय आवडतं याच्यापलीकडे मला काही सांगता येत नाही, असं त्यांच्या मनात आलं. भाजीचंही नक्की नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून व्यंकटराव डोकावले.

"समोर बसून कुठं माणूस कळतंय व्हय? साहेब तपासणीला आले की तुमची शाळा कशी असते? तशीच पोरगी. तिला नकळत बघा."

व्यंकटरावांचा आधीचा सल्ला पंधरापैकी पंधरा ठिकाणी फसलेला असूनही गुरुजींना हा पटला. तपासणीचं उदाहरण वर्मी लागलं होतं.

समीक्षा रोज पाचला अभ्यासिकेत जायची. सोमवारी ती सायकलवर निघाली आणि गुरुजी पन्नास पावलं मागं ठेवून स्कुटीवर. ऊन तापलेलं, म्हणून तोंडाला पांढरी दस्ती गुंडाळलेली, वर हेल्मेट, डोळ्यांना काळा चष्मा, खिशात वही. थांबलं की लिहायचं. अभ्यासिका आली, आणि समीक्षा न थांबता पुढं गेली. गुरुजींनीही स्कुटी पुढं दामटली. शिकवण्यांचा सगळा भाग ओलांडून ती एका गल्लीत वळली, सायकल लावली आणि एका छोट्या दुकानाच्या काचेच्या दारातून आत गेली. गुरुजी कोपऱ्यावर थांबून दुकानाची पाटी वाचायला पुढं वाकले, तोच कुणीतरी त्यांच्या स्कुटीची चावी काढून घेतली.

दोन महिला पोलीस होत्या. त्यातली वयानं मोठी हवालदारबाई संतापली होती.

"तीन हाका मारल्या! ऐकू येत न्हाई का? तोंड बांधून पोरीच्या मागं फिरून राहिला, लाज वाटत न्हाई? दस्ती काढ!"

गुरुजींनी हेल्मेट उतरवून दस्ती काढली. आतून पांढऱ्या मिशा निघाल्या. हवालदारबाईंचा संताप दुप्पट झाला. "या वयात!"

"मी शिक्षक आहे," गुरुजी म्हणाले. आयुष्यात हे वाक्य इतकं निरुपयोगी कधी ठरलं नव्हतं.

"खिशात काय हाय?" वही निघाली. हवालदारबाईंनी ती उघडून भर रस्त्यात मोठ्यानं वाचली. "'पाच दहा: घरातून निघाली. निळी ओढणी. पाच वीस: पाणीपुरीच्या गाड्याकडे बघितले, थांबली नाही. संयमी. पाच सव्वीस: एकटीच हसली. कारण अज्ञात.'" त्यांनी वही मिटली. "चला ठाण्यात."

"अहो बाई, ती माझी मुलगी आहे!"

"बरं. मुलगी हाय ना? मग सांगा, जवळची मैत्रीण कोण तिची?"

गुरुजी आठवू लागले.

"कशाला भिते ती? काय आवडतं? या दुकानात कशाला आली?"

बघ्यांची गर्दी जमली होती. आणि खरंच सांगायचं तर त्या घटकेला त्यांच्या डोक्यात एकच ओळ आली. "शालेय उपक्रमांत उत्स्फूर्तपणे सहभागी होते," ते म्हणाले.

हवालदारबाईंनी सोबतच्या पोलिसाला गाडी आणायला सांगितलं. तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं आणि समीक्षा धावत आली.

"पप्पा?"

"घाबरू नको, बाळा," हवालदारबाई मऊ होऊन म्हणाल्या. "हे खरंच तुझे वडील हायत? का धमकावलंय तुला? तू यांच्याबद्दल सांग बघू काहीतरी."

समीक्षानं वडिलांकडे बघितलं आणि भरभर बोलत सुटली. एरवी घरात सहा शब्द बोलणारी ही मुलगी.

"शर्टाच्या खिशात दोन पेनं हायत. लाल पेनाची रिफिल कधीच संपलीय, पण ते आजोबांनी नोकरीला लागताना दिलेलं, म्हणून टाकत न्हाईत. मागच्या खिशात बीपीची गोळी कागदात बांधून ठेवलीय, आई विचारते तेव्हा घेतली म्हणतात. रागावले की चष्मा पुसतात. शाळेतलं कुणी पोरगं नापास व्हायला लागलं की दोन दिवस जेवत न्हाईत नीट." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि मॅडम, तुम्ही डावीकडून हाका मारल्या असतील. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. दिवाळीपासून. त्यांना स्वतःला पण ठाऊक न्हाई. म्हणून तर मी हितं येते."

ती गुरुजींच्या उजव्या बाजूला उभी होती, त्यामुळे त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी मान वर करून दुकानाची पाटी वाचली. 'श्रवण तपासणी व श्रवणयंत्र केंद्र'.

गर्दी आपोआप पांगली. हवालदारबाईंनी चावी गुरुजींच्या हातात ठेवली आणि वही समीक्षाच्या हातात. "पोरीनं पास केलं तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दोघं समोरच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात जाऊन बसली. समीक्षानं नेहमीसारखं बाकावरचं दप्तर उचललं आणि उजवीकडे सरकून बसली. या वेळी गुरुजींनी डोळे वटारले नाहीत. सराव करताना सरकलेली खुर्ची, मॅडमच्या खोलीतली खुर्ची, जेवणाचं ताट, स्कुटीवर मागं बसून नेहमी उजव्या खांद्यावरून बोलणं, सगळं त्यांना एकदम आठवलं. सहा-सात महिने ही मुलगी घरभर जागा बदलत होती, आणि बापानं लिहिलं, चंचल.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. शाळेत पोरं हसतील म्हणून तुम्ही मनाला लावून घेतलं असतं." तिनं रसाचा पेला फिरवला. "त्या दुकानातल्या काकांना विचारायला जायचे, न सांगता तपासता येतं का म्हणून. ते म्हणतात, माणसाला आणावंच लागतं."

"आणि 'तुम्ही म्हणाल ते' असं का म्हणतेस नेहमी?"

"दुसरं काही म्हटलं की तुम्ही चष्मा पुसता," समीक्षा म्हणाली.

गुरुजींचा हात चष्म्याकडे गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. रडू येतंय हे त्यांना कळलं, आणि गुऱ्हाळात रडायला त्यांना अजिबात संकोच वाटला नाही.

गुरुवारी समीक्षानं दुसरी प्रश्नावली कुणाच्या भाच्याच्या मदतीशिवाय सोडवली. 'मी कधीच खोटं बोलले नाही' या अर्थाचं वाक्य तिथंही होतं. तिनं 'असत्य'वर खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात 'अभ्यासिकेत जाते म्हणून सांगायचे' असंही लिहून ठेवलं, जे कुणी मागितलं नव्हतं. गुरुजींचा कागद भरायला पाऊण तास लागला. त्यात चारच ओळी होत्या, तिसरी खोडून पुन्हा लिहिलेली. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि नीट घडी घालून फायलीत ठेवला.

अहवालात बरंच काही होतं. गुरुजींनी शेवटी न राहवून विचारलं, "म्हणजे किती पैकी किती, मॅडम?"

"सर, यात 'पैकी' नसतं," मॅडम म्हणाल्या. "तीन-चार वाटा दाखवल्यात. कुठली धरायची ते हिनं ठरवायचं. माणसं बघण्यात हिचा हात धरणारं कुणी नाही, एवढं मात्र सांगते."

समीक्षानं परत विचारलं, "मॅडम, हे प्रश्न कोण तयार करतं?" या वेळी गुरुजींनी तिला गप्प केलं नाही, आणि मॅडमना त्या दिवशी नांदेडची बस चुकवावी लागली.

दुसऱ्या दिवशी पसंतीक्रम समीक्षानं स्वतः भरला. कला शाखा, विषय मानसशास्त्र. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची मुलगी आर्ट्सला जाते म्हटल्यावर लातुरात जे व्हायचं ते झालं. व्यंकटराव सगळ्यांत आधी भेटायला आले. आवाज खोल, चपला दाराबाहेर अगदी हळू काढलेल्या. "झालं ते झालं गुरुजी, मन घट्ट करा," ते म्हणाले. त्यांच्यामागून गल्लीतली आणखी चार घरं येऊन गेली. तारामतीबाई चहा करून करून दमल्या. गुरुजींनाही आतून धास्ती होतीच, ती काही एका कागदानं जात नाही. पण चष्मा पुसायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते त्यांनी कसंबसं निभावलं.

व्यंकटराव नेमके डावीकडच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचं अर्धं सांत्वन गुरुजींना ऐकूच आलं नाही. कानाची तपासणी झाली होती, यंत्र शनिवारी मिळणार होतं. शनिवारपर्यंत तरी हा कान सोयीचा आहे, असं त्यांना वाटून गेलं.

सगळे गेल्यावर ताटं वाढली. समीक्षा हात धुऊन आली, बघते तर तिच्या जागेवरचं ताट जिथल्या तिथं होतं. गुरुजींनीच आपलं ताट उचललं होतं आणि उजवा कान तिच्याकडे येईल असे ते तिच्या डाव्या हाताला येऊन बसले होते.

"हं," ते म्हणाले. "आता सांग. परवा रस्त्यात एकटीच का हसलीस?"